गाता कुठे, असं विचारणाऱ्या बाई

बाई कोणाच्याही घरी गेल्या की चपला काढायच्या आधी खिडकीकडे बघायच्या. ती बंद असली तर सरळ आत जाऊन उघडायच्या. मग नमस्कार, मग पाणी. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा आईने गॅसवर दूध ठेवलं होतं आणि वाऱ्याने आच हलू नये म्हणून खिडकी लावून घेतली होती. बाईंनी ती उघडली. आईने लावली. बोलता बोलता बाईंनी पुन्हा उघडली. त्या गेल्यावर आई म्हणाली, “तुझ्या बाईंना सांग, हे घर आहे, एसटी स्टँड नाही.”

मी सांगितलं नाही. बाईंच्या बाबतीत जे सांगायला हवं होतं ते मी कधीच वेळेवर सांगितलं नाही. म्हणून तर हे लिहायला बसले आहे, आणि सकाळपासून तीनदा उठून उगाच पाणी पिऊन आले.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. रुग्णाचं नाव त्या पहिल्या वहीत एकदाच लिहू द्यायच्या. पुढे डबीवर, नळीवर, फिल्मवर फक्त नंबर. “नाव आलं की लोक गोष्ट रचायला लागतात,” असं म्हणायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि वसईतल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत बाईंची मदतनीस म्हणून लागले होते. बाई जवळच्याच वटार गावच्या, बागायतदार ख्रिस्ती घरातल्या. पंचावन्नच्या पुढचं वय, लग्न केलेलं नाही, सगळी नोकरी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत झालेली. नोकरी सोडून त्या परत आल्या ते एकच गोष्ट शोधायला: आपल्या भागात क्षय नेमका कोणाकडून कोणाकडे जातो.

रुग्णांना त्या हे अगदी सोपं करून सांगत. तुमच्या बोटाचा ठसा असतो तसा क्षयाच्या जंतूलाही असतो, त्याच्या डीएनएचा. दोन माणसांच्या बेडक्यातल्या जंतूंचा ठसा तंतोतंत जुळला, तर एकाचा आजार दुसऱ्याला गेला किंवा दोघांना तिसऱ्याकडून आला. जुळला नाही, तर एका खोलीत राहत असलात तरी एकमेकांना दोष देऊ नका. जंतू वाढवायचं काम आमच्याकडे होई. ठसा उमटवायचं काम बाई मुंबईला जुन्या प्रयोगशाळेत जाऊन करत आणि फिल्मा कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून घेऊन येत. एक्सरेसारखी काळपट फिल्म, तिच्यावर प्रत्येक जंतूची एक उभी रांग आणि रांगेत आडव्या काळ्या रेघा.

जंतू वाढवायला अंडी लागत. अंड्याचा बलक हिरव्या औषधात फेटून नळीत तिरका थिजवायचा आणि त्यावर जंतू पेरून महिना-दीड महिना वाट बघायची. बाजारातली अंडी बाईंना चालत नसत. फार्मच्या कोंबड्यांना औषधं देतात, त्यांचा अंश अंड्यात उतरला तर जंतू वाढत नाही. म्हणून वटारहून बाईंचे भाऊ गावठी अंडी आणून द्यायचे. भावाबहिणीचं बोलणं त्यांच्या घरच्या बोलीत चालायचं, त्यातलं मला निम्मं कळायचं नाही. पण एकदा टोपली टेबलावर ठेवून ते मुद्दाम माझ्यासाठी माझ्या मराठीत म्हणाले, “लोक आजारी माणसाला अंडी घालतात. आमची बहीण आजाराला घालते.”

बाई हसल्या, पण उभ्या उभ्याच. त्या बसत नसत. त्यांच्या खुर्चीत वह्या बसत. डबा त्या खिडकीशी उभ्या राहून खात, फिल्म बघताना येरझारा घालत, पत्र सांगताना दारापर्यंत जाऊन परत येत, आणि मी लिहून घेता घेता मान दुखवून घेई. “बसा ना बाई,” म्हटलं तर म्हणत, “बसून काय होतंय?”

आणि त्यांचा तो प्रश्न. सरकारी फॉर्मात घरात माणसं किती, खोल्या किती, खोकला किती दिवस, हे सगळं असे. बाई ते मला भरायला देत आणि स्वतः एकच विचारत: “गाता कुठे?”

रुग्ण चक्रावायचा. “गात नाही हो बाई.”

“बरं, मग हसता कुठे? कोणाबरोबर?”

त्यामागे त्यांचा हिशेब होता. खोकताना माणूस तोंड फिरवतो, रुमाल धरतो. गाताना आणि हसताना कोणी तोंड फिरवत नाही. फॉर्म माणूस झोपतो कुठे ते विचारतो, आणि जंतू तर माणूस जिथे तोंड उघडतो तिथे पसरतो.

हा प्रश्न एकदा असा लागू पडला की पुढे कित्येक महिने आम्ही दोघी हवेत होतो. वालीवच्या कारखान्यांतले चार कामगार, चौघांचे गाळे वेगळे, राहायची ठिकाणं वेगळी, आणि फिल्मवर चौघांच्या रेघा एकसारख्या. काही केल्या धागा सापडेना. बाईंनी चौघांना एकेक करून विचारलं, गाता कुठे? चौथा म्हणाला, “गुरुवारी भजनाला बसतो की.” एका बंद पडलेल्या गाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी भजन व्हायचं. शेजारच्यांना आवाज नको म्हणून शटर खाली. पेटी वाजवणारा या चौघांपैकीच, मिठागरांकडच्या गावातला होता. त्यालाच सगळ्यांत जुना खोकला. बाई तिथे गेल्या, शटर स्वतःच्या हाताने वर ढकललं आणि म्हणाल्या, “देवाला बाहेरून पण ऐकू येतं.”

पेटीवाला घाबरला होता. “बाय, गानं बंद करू नका. बाकी सांगाल ते कायपन सोडतो.”

“गाणं नको सोडू. शटर सोड. आणि गोळ्या अजिबात सोडू नको.”

त्याने गोळ्या सोडल्याच. बरं वाटलं म्हणून दोन महिन्यांत सोडल्या आणि पुन्हा खोकायला लागला. पुन्हा बेडका द्यायला आला तो एका गुरुवारी. हा गुरुवार मला विसरायचा आहे आणि विसरता येत नाही.

आमच्याकडे शुक्रवारी वीज नसे. त्या आठवड्यात बुधवारीही दिवसभर गेली होती. बाईंचा नियम असा की बेडका धुवायचं द्रावण प्रत्येक नमुन्यासाठी वेगळ्या छोट्या बाटलीत भरायचं. एक नमुना, एक बाटली. वीज नसल्याने छोट्या बाटल्या उकळून झाल्या नव्हत्या आणि बारा नमुने वाट बघत होते. बाई मुंबईला गेल्या होत्या. थांबले असते तर बाटल्या उकळून व्हायला दोन तास लागले असते. पण वाचनालयातून आणलेल्या कादंबरीची शेवटची पन्नास पानं माझी घरी राहिली होती. मी मोठी बाटली घेतली आणि तिच्यातूनच बाराही नळ्यांत ओतलं. वहीत ते लिहिलं नाही. एक्केचाळीस नंबर पेटीवाल्याचा होता. बेचाळीस नंबर सुरेखाचा.

सुरेखा वसई पूर्वेला एका चार मजली इमारतीत राहायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा मुंबईला ऑफिसात, सासूबाई घरी. महिनाभर खोकला आणि बारीक ताप, म्हणून आमच्याकडे पाठवलेली. दीड महिन्याने तिच्या नमुन्यातून पेरलेल्या दोन नळ्यांपैकी एकीत तीन बारीक दाणे उगवले. तीनच, पण क्षयाचे. दवाखान्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. आणखी दीडेक महिन्याने बाई मुंबईहून फिल्म घेऊन आल्या, खिडकीशी धरली आणि येरझारा थांबवून म्हणाल्या, “अगं, ही तर आपल्या भजनातली.”

लग्नाआधी सुरेखा वालीवला खोके करायच्या कारखान्यात कामाला होती, हे फॉर्मात होतं. मला तेवढ्यावरच सगळं जुळल्यासारखं वाटलं. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. बाईंनी खिडकी उघडली आणि विचारलं, “गाता कुठे?”

“मी नाही गात,” सुरेखा म्हणाली.

“हसतेस कुठे?”

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “हे काय विचारणं झालं?”

बाईंना माणसांच्या आवाजातला फरक कधी कळत नसे. त्या म्हणाल्या, “वालीवच्या चार माणसांचा जंतू आणि हिचा जंतू एकच आहे. कुठेतरी भेटली असणार. आठव, पोरी.”

“चार माणसं? कोण चार माणसं?”

“नावं मी सांगत नाही.”

“म्हणजे पुरुष?”

“पुरुषच. पण त्याचा काही संबंध नाही.”

सुरेखाने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सासूबाई आत निघून गेल्या. जिना उतरताना मी म्हटलं, “बाई, असं बोलायला नको होतं.” बाई म्हणाल्या, “का? फिल्म खोटं बोलत नाही.”

दहा दिवसांनी तिचा नवरा दवाखान्यात आला. सुरेखाला माहेरी पाठवलं होतं, सफाळ्याला. तो हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, मी कोणाला काही करणार नाही. फक्त ती माणसं कोण, एवढं सांगा.” आपण काय केलं हे बाईंना तेव्हा कळलं. नावं न सांगण्याचा त्यांचा नियम आजवर माणसांना वाचवत आला होता. या वेळी त्यानेच एका मुलीला घराबाहेर काढलं होतं.

पुढचे पाच दिवस बाई वालीवमध्ये पायी फिरल्या. खोक्यांचा कारखाना, तिथली जुनी माणसं, हजेरीचं पुस्तक. सुरेखाने काम सोडल्यावर दीड वर्षाने तो पेटीवाला वालीवला आला होता. भजन त्यानंतर सुरू झालं. बाई भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत म्हणत होत्या, “फिल्म म्हणते भेटली. दिवस म्हणतात भेटली नाही. कोणीतरी चुकतंय.” मी टेबलाशी बसून नखं कुरतडत होते. माझ्या डोक्यात ती मोठी बाटली तोपर्यंत आली नव्हती असं मी म्हणू शकत नाही.

सहाव्या दिवशी त्यांनी आमची वही उघडली. एक्केचाळीस. बेचाळीस. एकाच दिवशी, एकापाठोपाठ.

“बाटली कोणती घेतली होतीस?”

मी वहीचं पान उलटलं.

“अगं, बाटली कोणती?”

“मोठी.”

त्या रागावल्या नाहीत. बारा रिकाम्या नळ्या ओळीने लावल्या, पहिलीत थोडं लाल रंगाचं पाणी घातलं. मोठ्या बाटलीत साधं पाणी भरून माझ्या हातात दिली. “ओत. त्या दिवशी ओतलं होतंस तसं. घरी जायची घाई आहे असं समज.”

मी ओतलं. पहिल्या नळीत बाटलीचं तोंड नळीच्या काठाला लागलं, एक थेंब उडाला. दुसऱ्या नळीत पाणी पडलं तेव्हा त्यात गुलाबी रंगाचा एक बारीक धागा खाली उतरला आणि विरघळून गेला. तिसरीत काही दिसलं नाही. बाकीच्यांतही नाही.

आम्ही दोघी दुसऱ्या नळीकडे बघत होतो. मग बाईंनी बाराही नळ्या बेसिनमध्ये रिकाम्या केल्या, स्वतः धुतल्या, आणि म्हणाल्या, “एकदाच घेतलीस ना मोठी?”

“एकदाच. देवाशप्पथ.”

“चप्पल घाल.”

त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना गाठून सुरेखाचा एक्सरे पुन्हा बघायला लावला. छातीवर डाग नव्हताच, आणि नंतरच्या तपासण्यांतही काही निघालं नव्हतं. साधा खोकला होता, बरा झाला होता. रविवारी सकाळी, सगळे घरी असतील अशा वेळी, आम्ही सासूबाईंच्या दारात. बाईंनी सगळं सांगितलं, आवाज जराही न दाबता.

सासूबाई मटकन खाली बसल्या. “आता काय करू मी? किती जणांना सांगून बसले!”

“किती?”

“अहो, असं कसं सांगता येईल?”

“आठवा. मी उभी आहे.”

आणि बाई खरंच उभ्या राहिल्या. मग त्या सकाळी आम्ही तिघी त्या इमारतीत आणि शेजारच्या इमारतीत दार वाजवत फिरलो. पुढे सासूबाई, पदर तोंडावर, मध्ये बाई, मागे मी, बाईंची छत्री घेऊन. दार उघडलं की बाई आत, खिडकी उघडायच्या आणि सांगायच्या: “सुरेखाला क्षय नव्हता. त्या चार माणसांनी तिला कधी पाहिलेलं नाही. त्यांची आणि तिची भेट आमच्या बाटलीत झाली.” पिठाच्या गिरणीत चक्की चालू होती. तिथेही त्या ओरडून तेच बोलल्या. गिरणीवाला ओरडला, “किती किलो?” बाईंनी चक्की बंद करायला लावली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

एका घरात कोणीतरी विचारलं, “म्हणजे चूक केली कोणी?”

“माझ्या प्रयोगशाळेत झाली. म्हणजे मी केली.”

मी छत्रीची मूठ फिरवत राहिले.

दुपारी सफाळ्याला. सुरेखा ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता.

“मग गोळ्या बंद?”

“आजपासून बंद.”

“लघवी लाल व्हायची त्या गोळ्यांनी. सासूबाईंनी तेसुद्धा लोकांना सांगितलं.” तिने एक खडा काढून बाहेर टाकला. “बाटली कोणाच्या हातात होती?”

सकाळपासून प्रत्येक दारात या प्रश्नाला बाईंनी चटकन उत्तर दिलं होतं. इथे त्या थांबल्या. अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत थांबल्या. ते थांबणं माझ्यासाठी होतं, हे मला लगेच कळलं. मी सुपातल्या तांदळाकडे बघत होते. एकेक दाणा मला दिसत होता.

“माझ्या,” बाई म्हणाल्या.

परत येताना स्टेशनवर त्यांनी एवढंच विचारलं, “भूक लागली असेल ना?” बसल्या नाहीत. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या.

सुरेखाचं पुढे बरं झालं. नवरा स्वतः आणायला गेला. ती आली, पण त्या घरात नाही. दोघांनी विरारला भाड्याने खोली घेतली.

बाईंचं बरं झालं नाही. त्यांनी घडलेलं सगळं अहवालात लिहिलं. अभ्यासाला मदत करणाऱ्या संस्थेचं उत्तर आलं: एक ठसा चुकीचा निघाला, तर बाकीचे बरोबर कशावरून? ज्याने नमुने हाताळले त्याने लिहून द्यावं, की वेगळी बाटली कोणत्या दिवशी वापरली नाही आणि कोणत्या दिवशी वापरली. तेवढं निवेदन आलं असतं तर तो एक गुरुवार वगळून बाकीचं काम उभं राहिलं असतं.

बाईंनी पत्र माझ्यापुढे ठेवलं. “लिहिशील?”

“बघते,” मी म्हटलं.

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा अर्ज केला होता. असं निवेदन सहीनिशी कुठेतरी फाइलीत राहिलं तर मला कोण ठेवेल, एवढंच डोक्यात होतं. चार-पाच वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मुदत गेली, मदत थांबली, जंतू जपून ठेवलेला फ्रीजर मुंबईची माणसं टेम्पोत घालून घेऊन गेली. भजनातल्या चौघांचे जंतूही त्यातच होते. मला कॉलेजात नोकरी लागली. बाईंनीच शिफारसपत्र दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘कामात प्रामाणिक.’ टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांना तसंच वाटत होतं, आणि मला ते अजून जास्त टोचतं.

त्यानंतर त्या पाचेक वर्षं वटारला होत्या. मी सणासुदीला जायचे. भाऊ सांगायचे, “बागेत पाणी कमी आणि बहीणच जास्त फिरते.” दर वेळी ठरवून जायचे की आज बोलायचं, आणि केळी घेऊन परत यायचे.

या पावसाळ्यानंतर बाई गेल्या. झोपेत, भाऊ म्हणाले. वटारच्या चर्चमध्ये मिस्सा झाली आणि लोक मातीला निघाले तेव्हा गर्दीत सुरेखा दिसली, चार-पाच वर्षांच्या मुलाचा हात धरून. मी तिच्या बाजूला गेले. मूठमूठ माती टाकून माणसं परत फिरत होती. मी म्हटलं, “ती बाटली माझ्या हातात होती.”

तिने मान हलवली. “माहिती आहे. तेव्हाच कळलं होतं. त्या तुमच्यासाठी थांबल्या होत्या.”

“मला माफ—”

“मला काय सांगताय?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मला माझं घर मिळालं. बाई असताना सांगायचं होतंत.” आणि मुलाला पुढे घालून ती निघून गेली.

ज्या संस्थेला हे हवं होतं तिथे आता ते कोणी वाचणार नाही. फ्रीजर कुठे गेला मला माहीत नाही. तरी लिहिते, कारण बाईंनी मागितलं होतं.

त्या गुरुवारी नंबर एक्केचाळीस ते बावन्न या बारा नमुन्यांसाठी मी एकच मोठी बाटली वापरली. बाई तेव्हा तिथे नव्हत्या आणि त्यांना मी ते सांगितलं नव्हतं. नियम त्यांनी मला शिकवला होता, मोडला मी. त्याआधी किंवा त्यानंतर असं एकदाही केलं नाही. त्या दिवसाचे नमुने वगळावेत. बाकीचं सगळं काम खरं आहे.